प्रार्थनेची विनंती की चहाडी? आणि सिंहस्थासाठी काढायचं कर्ज

सूनबाई_नाशिक

सगळ्यांना सलाम. दोन प्रश्न आहेत. वरवर पाहिलं तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते एकाखाली एक आलेत. ११ आणि १२ व्या वचनांत भावाबहिणींविरुद्ध बोलू नका, त्यांचे न्यायाधीश होऊ नका. लगेच १३ पासून, अमुक शहरी जाऊ, वर्षभर धंदा करू, कमावू असं म्हणणाऱ्यांची खरडपट्टी. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी शास्त्रपाठाला हाच भाग घेतला आणि उपदेश केला वर्गणीवर. त्यामुळे माझं डोकं तिथंच अडकून राहिलंय.

पहिला प्रश्न मंडळीतला. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. कुणाकडे नवा फ्रिज आला तर उपासनेनंतरच्या चहापर्यंत त्याचा रंगसुद्धा सगळ्यांना कळलेला असतो. बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर प्रार्थनेच्या विनंत्या येतात. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची दहावी, कुणाचा व्हिसा. इथवर ठीक. मागच्या महिन्यात मात्र एक विनंती आली: "अमुक ताईंच्या धाकट्यासाठी कळकळीने प्रार्थना करा. वाईट संगतीला लागलाय, रोज रात्री पिऊन येतो, आईवर हात उगारतो असं ऐकलं. प्रभू त्या घरावर दया करो." खाली जोडलेल्या हातांची रांग. मग एकीने विचारलं, "कोणता गं, बँकेतला का?" दुसरी म्हणाली, "नाही, त्याच्या पाठचा. बँकेतला गुणाचा आहे." तिसरीने शोध लावला की तरीच त्याचा साखरपुडा मोडला. त्याच्याही खाली कुणीतरी "आमेन" लिहिलं. कशाला आमेन, ते तिलाच ठाऊक.

ती आई त्याच ग्रुपमध्ये आहे.

विनंती टाकणारी बाई वाईट नाही, हे आधी सांगते. माझ्या बाळंतपणात हिनेच रोज डबा आणून दिला होता. पोटातून आल्याशिवाय तिने ते लिहिलं नसणार. पण "असं ऐकलं" म्हणून जे लिहिलं ते चहाडीपेक्षा वेगळं कसं? आणि अशा वेळी ग्रुपवर काय लिहायचं? गप्प बसले तर मीही त्यातलीच, आणि बोलले तर मी तिची न्यायाधीश.

दुसरा प्रश्न घरातला. सिंहस्थ आला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठ्या पर्वण्या, आणि सांगता थेट २०२८ च्या जुलैत. सध्या नाशकात ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो खोल्या काढतोय आणि ज्याच्याकडे नाहीत तो कर्ज काढून गाडी घेतोय. आमचे हे आणि भाऊजी दुसऱ्या गटातले. दोन सतरा सीटर घ्यायच्या. नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी, त्र्यंबक, अधूनमधून शिर्डी आणि वणी. वही केलीय. दिवसाच्या फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, हप्ता, सगळं मांडलंय. शेवटच्या पानावर लाल पेनाने "डिसेंबर २०२७ – कर्ज निल" आणि खाली दोन रेघा.

वही वाचून मी म्हटलं, "प्रभूची इच्छा असली तर."

हे म्हणाले, "तुला एखादी गोष्ट नको असली की तुला प्रभूची इच्छा आठवते. ओट्याचा ग्रॅनाइट ठरवताना नाही आठवली ती."

बोलणं झोंबलं, पण खोटं म्हणता येईना. सासूबाई तर हे शब्द प्रत्येक वाक्याला लावतात, भाजीत मीठ कमी पडलं तरी. आणि आमचा सुतार "देवाने ठेवलं तर शनिवारी येतो" म्हणतो. कुठला शनिवार ते सांगत नाही. मग याकोबाला नक्की काय हवंय? ते शब्द म्हटले की भागतं? की वहीच मांडायची नाही?

निफाडचा_बागाईतदार

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो माझा रोजचा आहे.

द्राक्षाच्या बागेत बेत केल्याशिवाय पान हलत नाही. ऑक्टोबर छाटणीची तारीख धरली की पुढचं सगळं तिच्यापासून मोजायचं. पोंगा, फुलोरा, डिपिंग, थिनिंग, मग मण्यात पाणी उतरणार, आणि जातीप्रमाणे चार महिन्यांच्या आगेमागे माल. मजुरांच्या टोळीला आधीच सांगून ठेवावं लागतं. औषधं उधारीवर उचलावी लागतात. माल युरोपला जायचा असेल तर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं तेही पाळावं लागतं. "देवाच्या मनात येईल तेव्हा छाटू" म्हणणाऱ्याची बाग फार दिवस त्याच्या नावावर राहत नाही. आणि एवढं सगळं करून, पाणी उतरलेल्या मण्यावर एक अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. गारा पडल्या तर मग विषयच संपला. म्हणून आमच्याकडे माल उतरायच्या आधी कुणी "यंदा एवढे लाख" असं बोलत नाही. बोललाच तर शेजारचं म्हातारं माणूस म्हणतं, "आधी गाडी भरू दे."

याकोबातल्या त्या व्यापाऱ्यांचं वाक्य नीट बघा. शहर ठरलं, मुक्काम ठरला, धंदा ठरला, आणि नफासुद्धा ठरला. तुमच्या यजमानांच्या वहीतल्या त्या लाल रेघा म्हणजे हा चौथा भाग. बाकीच्या पानांवर कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही. लूकच्या १४ व्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही का.

आणि प्रेषित पौल घ्या. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, १६ व्या अध्यायात, त्याने वेळापत्रकच दिलंय: पेंटेकॉस्टपर्यंत इफिसात, मग मासेदोनियातून तुमच्याकडे, जमल्यास हिवाळा तिथेच, आणि या सगळ्यात "प्रभूने होऊ दिलं तर" हे शब्द. पुढे बेत बदलला. करिंथकरांना वाटलं हा धरसोड करतो, म्हणून दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात बिचाऱ्याला खुलासा द्यावा लागला. रोमकरांना कळवलं की तुमच्याकडे येऊन पुढे स्पेनला जाणार. रोमला पोचला तो कैदी म्हणून.

तेव्हा यजमानांना वही टाकून द्यायला सांगू नका. एक पान वाढवायला सांगा: गाड्या उभ्या राहिल्या तर हप्ता कुठून जाणार. त्या पानावर "घर गहाण" असं आलं तर एकच गाडी घ्या. आणि ते पान तुम्ही दोघांनी मिळून लिहा. नुसतं "प्रभूची इच्छा" म्हणून बाजूला झालात तर त्यांचं म्हणणंच खरं होईल.

पहिल्या प्रश्नावर एवढंच. सगळं बोलणं चहाडी नसतं. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी आमच्या शिवारातला माल भरून गेला आणि पैसे न देता गायब झाला. मी पोलिसात तक्रार दिली, आणि ज्यांच्या बागा त्या आठवड्यात उतरायच्या होत्या त्यांना घरी जाऊन नावानिशी सांगितलं. ते सांगायलाच हवं होतं. पण तोच विषय वर्षभर पारावर चघळला गेला. त्याची बायको कशी, त्याचा मुलगा कुठे शिकतो, फी कुणाच्या पैशाने भरतो. त्यातल्या कशानेही कुणाचा एक घडसुद्धा वाचला नाही.

जेलरोडच्या_बाई

मी कॅथलिक, निवृत्त शिक्षिका. वरच्या दादांनी जे पारावरचं सांगितलं त्याला आमच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, वेगळा कप्पाच आहे. दहा आज्ञांपैकी आमच्या मोजणीत आठवी, तुमच्या मोजणीत नववी: खोटी साक्ष देऊ नको. तिच्याखाली तीन दोष वेगवेगळे सांगितलेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी धरणं हा एक. खोटं बोलून त्याचं नाव घालवणं हा दुसरा. आणि तिसरा, ज्यावर मी वर्गात फार वेळ घालवायचे: गोष्ट खरी आहे, पण ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना सबळ कारणाशिवाय सांगणं. मुलं हमखास म्हणायची, "बाई, पण खरंच आहे ना!" मोठी माणसंही तेच म्हणतात. तुमच्या ग्रुपवरचं सगळं खरं निघालं तरी ते तिसऱ्यात बसतं.

एक पळवाट आधीच बंद करते. "नाव न घेता प्रार्थना मागू या" असं कुणीतरी सुचवेल. लहान मंडळीत त्याने जास्त नुकसान होतं. "आपल्यातलं एक कुटुंब कठीण काळातून जात आहे" असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत चार कुटुंबांवर संशय फिरून येतो.

मी एकच नियम धरते. ज्याच्यासाठी विनंती, त्याला आधी विचारायचं: "सगळ्यांना सांगू का?" तो नको म्हणाला तर मी एकटी प्रार्थना करते. देवाला गर्दी लागत नाही.

लेवीय १९ काढून बघा. १६ व्या वचनात चहाड्या करत फिरू नको. १७ व्यात, मनात अढी ठेवू नको, शेजाऱ्याला तोंडावर सांग. १८ व्यात, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती कर. याकोब दुसऱ्या अध्यायात ज्याला राजमान्य नियम म्हणतो तो हाच शेवटचा. चहाडी बंद करून थांबता येत नाही. मधल्या वचनाप्रमाणे कुणालातरी त्या घराचा उंबरा चढावा लागतो. मत्तय १८ मध्येही पहिली पायरी तीच आहे, तू आणि तो, दोघंच.

विनंती टाकणाऱ्या बाईंनाही तसंच. ग्रुपवर नको. फोन करा, किंवा डबा परत द्यायच्या निमित्ताने जा. संत इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलंय की समोरच्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावता येत असेल तर आधी तो लावा, लागेना तर त्यालाच विचारा. तुम्ही चांगला अर्थ आधीच लावलाय, तेव्हा अर्धं काम झालंय. न्यायाधीश होण्याची भीती सोडा. न्यायाधीश उठून कुणाच्या घरी जात नाही.

सडेतोड

मला हे सगळं पटत नाही. माझे वडील प्यायचे. आमची मंडळी फार सभ्य होती, कुणी कधी कुणाच्या घरचं बोललं नाही. आई ओठ सुजलेला असताना उपासनेला यायची आणि बायका "सलाम, बऱ्या आहात ना?" म्हणून पुढे जायच्या. एखादीने जरी भलत्या ठिकाणी, भलत्या शब्दांत बोंब मारली असती तरी मी तिचे पाय धरले असते. तुम्ही शिष्टाचाराला नम्रता म्हणताय. त्या पोराने खरंच आईवर हात उगारला असेल तर? साखरपुड्याचं ज्यांनी लिहिलं त्यांना दोन शब्द सुनवा, पण पहिल्या बाईला मोकळं सोडा.

जेलरोडच्या_बाई

तुमच्या आईबद्दल वाचून मन भरून आलं. तुमच्या म्हणण्यातलं निम्मं मी बिनशर्त मान्य करते. मारहाण होत असेल तर गुप्तता वगैरे काही नाही; घरी जायचं, पाळकांना न्यायचं, गरज पडली तर पोलिसांना. याकोबाचा तो भाग ११ व्या वचनाने सुरू होतो, पण संपतो १७ व्याने: चांगलं काय ते कळतं आणि करत नाही, तर तेही पापच. तुमच्या मंडळीचं तिथे चुकलं. फक्त एक विचारते. ग्रुपवर एवढे हात जोडले गेले, त्यातलं त्या घरी कोण गेलं?

सूनबाई_नाशिक

कुणी नाही. मीही नाही. सडेतोड, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. उद्या जाते.

द्वारका_स्टँड

मी मुसलमान आहे, बायबलचं मला कळत नाही, पण गाड्यांचं कळतं म्हणून लिहितो. बोलल्याशिवाय राहवत नाही: आमच्यातही हाच लोचा आहे. गिऱ्हाईक भाडं ठरवताना विचारतं, "उद्या सकाळी सहाला नक्की ना?" मी इन्शाअल्लाह म्हटलं की तोंड पाडतं, म्हणजे हा येणार नाही. माझे अब्बा म्हणायचे, इन्शाअल्लाह म्हण आणि पावणेसहाला हॉर्न वाजव. आता मी तेच करतो.

मुद्द्याचं. ताई, तुमच्या साहेबांना २०१५ आठवतंय का विचारा. पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती. बंदोबस्त एवढा कडक की बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवरच थांबवल्या. वाहनतळापासून आत माणसं आणायला एसटी, आणि पुढे पायपीट. गर्दी अंदाजापेक्षा खूप कमी झाली. ज्यांनी माल भरून ठेवला होता ते दुकानदार बोंबलत बसले आणि आमच्यासारख्यांच्या गाड्या दारात. पुढच्या पर्वण्यांना जरा ढिलाई दिली. २०२७ ला काय करतील ते आज मला ठाऊक नाही आणि तुमच्या वहीलाही नाही. पर्वणीच्या दिवसांवर हप्ता लावू नका एवढंच सांगतो. ऐन स्नानाच्या दिवशी गाडी रस्त्यावर असेल असं धरूच नका. आगेमागे जे महिने आहेत, तेव्हा लोक त्र्यंबक-शिर्डी करायला येतात, त्यावर हिशेब बसतो का बघा.

शिवाय सिंहस्थ उठल्यावर गाडीचं काय? बारा वर्षं थांबणार का? फेब्रुवारीत तुमच्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला वसई-मुंबईकडची किती माणसं येतात, स्टेशनवर बघतो मी. लग्नसराई आहे, वणीची चैत्रातली यात्रा आहे. सिंहस्थ वजा करून वही मांडा. तरी जमत असेल तर बिनधास्त घ्या.

निफाडचा_बागाईतदार

भाई, माझं एवढं मोठं लिहिणं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. सिंहस्थ वजा करून.

सूनबाई_नाशिक

उशिरा लिहिते आहे, घरात पाहुणे होते.

त्या ताईंकडे जाऊन आले. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. सडेतोड, तुमच्यासाठी एवढंच सांगते की आता त्या घरी जाणारी मी एकटी नाही, आणि पाळकसाहेबांना बोलवायचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

विनंती टाकणाऱ्या बाईंकडेही गेले. डबा नव्हता माझ्याकडे, शेवग्याच्या शेंगा नेल्या. आधी त्या रागावल्या. "आता प्रार्थना मागायचीसुद्धा चोरी का?" म्हणाल्या. मी बाईंचा नियम सांगितला, विचारून टाकायचं. त्यावर म्हणाल्या, "विचारलं तर ती नाहीच म्हणणार." मी म्हटलं, मग तिचं उत्तर आपल्याला ठाऊकच होतं की. त्यावर चहा आला आणि विषय बदलला. ग्रुपवरची ती विनंती मात्र रात्री त्यांनी काढून टाकली. त्यांचं माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते असो.

वहीचं असं झालं की ह्यांना द्वारका स्टँड यांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. बायबलची वचनं माझ्या तोंडून ऐकताना जे कपाळाला आठ्या घालतात ते हे ऐकताना खुर्ची ओढून बसले. २०१५ चं त्यांनाही आठवत होतं, पण भाऊजींना नव्हतं, ते तेव्हा पुण्याला होते. मग रात्री जेवणानंतर तिघं-चौघं बसलो, जाऊबाईही. सिंहस्थ वजा करून दोन गाड्यांचं गणित काही केल्या बसेना. एकीचं बसतंय, तेही जुनी घेतली तर. भाऊजी अजून कुरकुरतात. त्यांच्या मते सगळं नाशिक कमावणार आणि आपण बघत बसणार. हे म्हणाले, बघू. लाल रेघा अजून तशाच आहेत, फक्त "डिसेंबर २०२७" पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आलंय. कुणी काढलं ते कुणी कबूल करत नाही. सासूबाईंचा संशय आहे.

द्वारका स्टँड भाऊ, एक विचारायचं होतं. जुनी गाडी बघताना फिटनेस आणि परमिटचे कागद आधी बघायचे की आधी मेकॅनिकला दाखवायची? ओझरला एक बघून ठेवलीय, मालक म्हणतो कागद "सगळे ओके". शुक्रवारी जायचा विचार आहे. तुमच्या ओळखीचा कुणी मेकॅनिक पंचवटीच्या बाजूला असेल तर त्याला आमच्याबरोबर पाठवाल का? त्याचे पैसे देऊ.